नाशिकहून परदेशातल्या बालगृहाला देणगी : कोणती सेवा कामाची, कोणती नाही

नाशिकमध्ये चांगल्या कामाला पैसे कमी पडत नाहीत. गंगापूर रोडच्या एखाद्या सोसायटीत किंवा अंबडच्या कारखान्यातल्या मित्रमंडळात नेपाळच्या, श्रीलंकेच्या नाहीतर केनियाच्या अडचणीतल्या बालगृहाची हकीकत कळली, की आठवड्याभरात लाख-दीड लाखाचे शब्द मिळतात. अडतं ते त्यापुढे. तो पैसा नियमात बसवून, वाटेत फार न झिजता, योग्य खात्यात कसा पोचवायचा हे कुणी नीट सांगत नाही. म्हणून हे परीक्षण पैसे पोचवणाऱ्या सेवांचं आहे.

निकाल आधीच सांगतो. देणगीदाराने स्वतःच्या खात्यातून, बँकेच्या परकीय चलन विभागामार्फत, थेट बालगृहाच्या संस्थेच्या खात्यावर पाठवलेला पैसा ही सर्वांत भरवशाची वाट आहे. ती वर्षातून थोड्याच वेळा आणि मोठ्या रकमेने वापरली तरच परवडते. नेपाळचा हिशेब वेगळा आहे, तो पुढे दिला आहे.

सगळ्यांत जास्त वापरली जाणारी आणि सगळ्यांत वाईट पद्धत म्हणजे एकाच्या खात्यात सगळ्यांनी यूपीआय करायचं आणि त्याने एकरकमी पाठवायचं. सोपी वाटते, पण तिच्यात तीन खड्डे आहेत. परदेशी पैसे पाठवताना बँकेत जो ए-टू फॉर्म आणि त्यासोबतचं घोषणापत्र भरावं लागतं, त्यात पाठवणारा लिहून देतो की हा पैसा माझा स्वतःचा आहे. चाळीस जणांची वर्गणी असेल तर ते विधान खरं राहत नाही. दुसरं, नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षात ५०,००० रुपयांहून जास्त रक्कम बिनमोबदला आली तर प्राप्तिकराच्या नजरेत ती घेणाऱ्याचं उत्पन्न ठरू शकते. चांगलं काम करायला गेलेल्या माणसाच्या हातात नोटीस पडणं फार वाईट, आणि असं एकदा झालं की तो गट पुन्हा कधी उभा राहत नाही. तिसरं, जाहीरपणे वर्गणी गोळा करायची तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ क खाली धर्मादाय आयुक्त कार्यालयाला कळवावं लागतं, हिशेब द्यावा लागतो. गणेशोत्सव मंडळं दरवर्षी वर्गणीची परवानगी काढतात, ती याच कलमाखाली. या पद्धतीला आमच्याकडून पाचपैकी शून्य.

आता बँकेच्या खिडकीकडे वळू. निवासी भारतीय व्यक्तीला परदेशात पैसे पाठवण्यासाठी रिझर्व्ह बँकेची उदारीकृत प्रेषण योजना आहे. बँकेत सगळे तिला एलआरएस म्हणतात. ती २००४ मध्ये २५,००० डॉलरच्या मर्यादेने सुरू झाली. आज मर्यादा एका आर्थिक वर्षात माणशी अडीच लाख डॉलर आहे, म्हणजे आपल्या कामाला ती कधी आड येणार नाही. देणगी हा या योजनेतला सरळ मान्य हेतू आहे. लक्षात ठेवायचं ते एवढंच की योजना फक्त व्यक्तींसाठी आहे. ट्रस्ट, भागीदारी संस्था, कंपनी किंवा हिंदू अविभक्त कुटुंबाच्या खात्यातून हा मार्ग वापरता येत नाही.

नाशिकमध्ये प्रत्येक शाखेत हे काम होत नाही. पतसंस्थेतून तर नाहीच. सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीजवळच्या किंवा शरणपूर रोड, कॅनडा कॉर्नर भागातल्या ज्या शाखांत निर्यातदारांची खाती आहेत, तिथले कर्मचारी या फॉर्मना सरावलेले असतात, तिथेच जावं. द्राक्षांच्या निर्यातीच्या हंगामात, साधारण जानेवारी ते एप्रिल, ही टेबलं गजबजलेली असतात. मार्चअखेर टाळलेली बरी. दुपारी दोननंतर गेलात तर त्या दिवशीचा दर बहुधा हुकतो.

सोबत काय न्यायचं? पॅन, खात्याचा चेक, भरलेला ए-टू फॉर्म, बालगृहाच्या नोंदणीपत्राची प्रत आणि त्यांच्या लेटरहेडवर बँक तपशील. हा तपशील अक्षर न् अक्षर जुळायला हवा : खात्यावरचं संस्थेचं पूर्ण नाव, खाते क्रमांक, बँक, शाखा, पत्ता आणि ८ किंवा ११ अक्षरांचा स्विफ्ट कोड, म्हणजे बँकेची आंतरराष्ट्रीय ओळख. युरोपात लागतो तो आयबॅन (आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक) नेपाळ, श्रीलंका किंवा केनियात नसतो, त्यामुळे शाखेचा कोड वेगळा विचारून घ्यावा. फॉर्मवर हेतूचा कोड लिहावा लागतो. धर्मादाय संस्थेला देणगीसाठी एस १३०३ आणि व्यक्तीला भेट असेल तर एस १३०२. घाईत कर्मचारी एस १३०१ टाकतात. तो कुटुंबाच्या निर्वाहाचा कोड आहे. सही करण्याआधी तेवढा एक चौकोन पाहाच, कारण चुकीचा कोड पुढे दुरुस्त करणं जिकिरीचं असतं. काही शाखा सीएचं प्रमाणपत्र मागतात. व्यक्तीने या योजनेखाली दिलेल्या देणगीला ते लागत नाही, हे नम्रपणे दाखवून द्यावं.

पैसे परत येण्याचं सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे नावातला फरक. बालगृह पाटीवर एका नावाने ओळखलं जातं आणि बँकेत ते चालवणाऱ्या संस्थेचं नाव असतं. पाटीवरचं नाव लिहिलं की पलीकडची बँक रक्कम अडवते. दोन-तीन आठवड्यांनी ती परत येते ती मधल्या बँकांचं शुल्क आणि दुहेरी चलनबदल वजा होऊन. ५०,००० पाठवले तर तेवढेच परत येत नाहीत.

खर्चाचा भाग नीट समजून घ्या, कारण भल्या हेतूचा पैसा झिजतो तो इथेच. चार कात्र्या असतात. बँकेचं कमिशन आणि स्विफ्ट शुल्क, त्यावर १८ टक्के जीएसटी. चलनबदलावरचा वेगळा जीएसटी. मधल्या बँकेचं शुल्क. आणि विनिमय दरातला फरक, जो पावतीवर दिसतच नाही. चलनबदलावरच्या जीएसटीचं सूत्र ठरलेलं आहे. एक लाखापर्यंत रकमेचा १ टक्का, पण किमान २५० रुपये, हे करपात्र मूल्य धरतात आणि त्यावर १८ टक्के लावतात. म्हणजे २५,००० रुपयांपर्यंत ४५ रुपये, ७५,००० वर १३५, एका लाखावर १८०.

कमिशन १,००० रुपये, मधल्या बँकेचं शुल्क २० डॉलर आणि डॉलर ९० रुपये धरून आकडे मांडून पाहा. २,००० रुपयांची देणगी पाठवायला १,१८० अधिक ४५ अधिक १,८००, म्हणजे ३,०२५ रुपये लागतील. देणगीपेक्षा हमाली जड. २५,००० पाठवायलाही तेच ३,०२५, म्हणजे १२ टक्के. ७५,००० पाठवायला ३,११५, म्हणजे ४ टक्क्यांच्या थोडं वर. तुमच्या बँकेचे आकडे थोडे वेगळे असतील, पण गणिताचा कल हाच राहतो : खर्च रकमेवर कमी आणि खेपांवर जास्त असतो.

फॉर्मवर शुल्क कोण भरणार याचे तीन पर्याय असतात. ओयूआर म्हणजे सगळं पाठवणारा भरतो, एसएचए म्हणजे विभागून, बीईएन म्हणजे घेणाऱ्याच्या रकमेतून कापलं जातं. बालगृहाला ठरलेली रक्कम पूर्ण मिळायला हवी असेल तर ओयूआर निवडा आणि इथे थोडं जास्त भरा. बालगृहाने शाळेच्या फीसाठी रक्कम मोजून मागितलेली असते, ती १५-२० डॉलरने कमी पोचली की त्यांची पंचाईत होते. विनिमय दराबाबत मात्र घासाघीस करावी. फलकावरचा टीटी विक्री दर, म्हणजे बाहेर पाठवायला बँक ज्या दराने डॉलर विकते तो, अंतिम नसतो. त्याच दिवशीचा बाजारदर मोबाइलवर दाखवून शाखाधिकाऱ्याला विचारलं तर डॉलरमागे काही पैसे सुटतात. हजार डॉलर पाठवताना डॉलरमागे एक रुपया सुटला तर हजार रुपये वाचले.

टीसीएसचा, म्हणजे पैसे पाठवताना बँक आगाऊ वसूल करते त्या कराचा, बाऊ फार केला जातो. १ एप्रिल २०२५ पासून एका आर्थिक वर्षात दहा लाखांपर्यंत या योजनेखाली पाठवलेल्या पैशावर टीसीएस लागत नाही. त्यावरच्या देणगीच्या रकमेला २० टक्के लागतो. अडचण येते ती मूल परदेशी शिकत असलेल्या घरांत. दहा लाखांची मर्यादा एका पॅनवरच्या सगळ्या हेतूंना मिळून आहे. मुलीच्या जर्मनीतल्या खर्चाने ती भरली असेल, तर वडिलांच्या ७५,००० च्या देणगीवर १५,००० जास्तीचे द्यावे लागतील. विवरणपत्रात ते वळते होतात, पण तोवर अडकून राहतात. अशा घरात ज्याचं पॅन मोकळं आहे त्याने पाठवावं. आणि एक गोष्ट देणगीदाराला आधीच स्पष्ट सांगा : परदेशी संस्थेला दिलेल्या पैशावर ८०जीची, म्हणजे देणगीवरच्या प्राप्तिकराची, सवलत मिळत नाही. नंतर कळलं की माणसं नाराज होतात, आणि ती रास्त नाराजी आहे.

मग गटाने मदत करायची कशी? आपल्याकडे भिशी सगळ्यांना कळते, तिचाच क्रम उलटा वापरा. बारा घरं घ्या. प्रत्येक तिमाहीला एकच घर आपल्या खात्यातून ७५,००० रुपये थेट बालगृहाला पाठवतं. वर्षाला चार खेपा, तीन लाख रुपये. बारा घरांची फेरी तीन वर्षांनी पुरी होते. कुणाचा पैसा कुणाच्या खात्यात जात नाही, त्यामुळे घोषणापत्र खरं राहतं, उत्पन्नाचा प्रश्न येत नाही, चिट फंडाचीही भीती नाही. हेच तीन लाख बारा घरांनी दरवर्षी पंचवीस-पंचवीस हजार करून पाठवले तर वरच्या हिशेबाने वर्षाला ३६,३०० रुपये वाटेत जातात. चार खेपांत १२,४६० जातात. वाचलेल्या जवळपास चोवीस हजारांत कोलंबो असो की नैरोबी, पोरांच्या ताटात बरंच काही वाढता येतं.

ज्यांची पाळी उशिरा आहे त्यांनी स्वतःच्याच नावाने महिना २,१०० रुपयांची आवर्ती ठेव सुरू करावी. ३६ महिन्यांत मुद्दलच ७५,६०० होतं. ज्यांच्याकडे शिल्लक तयार आहे, निवृत्त मंडळी वगैरे, त्यांना पहिल्या पाळ्या द्या. पगारावर चालणाऱ्या तरुण घरांना शेवटच्या. घरातल्या घरात, आईवडील, सख्खी भावंडं, नवरा-बायको यांनी एकमेकांना पैसे दिले तर त्या भेटीवर कर नाही, त्यामुळे एका घराचे ७५,००० तीन-चार जणांत भागू शकतात. दोन घरं राखीव ठेवा. आजारपण किंवा बदलीमुळे एखादी पाळी चुकतेच, आणि बालगृहाला तिमाही चुकलेली कळते ती रेशनच्या दुकानदाराच्या उधारीवरून. या व्यवस्थेसह बँकेच्या सेवेला आम्ही पाचपैकी चार देऊ. एक गुण कापला तो न दिसणाऱ्या विनिमय दराच्या फरकासाठी.

पाचशे-हजार देणाऱ्यांचं काय? त्यांना परदेशाची वाट दाखवू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. तो पैसा नाशिकमधल्याच ८०जी असलेल्या बालगृहाला जावा, तिथे तो पूर्ण पोचतो. बाहेरच पाठवायचा हट्ट असेल तर २००२ पासून चालणाऱ्या ग्लोबलगिव्हिंगसारख्या ऑनलाइन देणगी मंचावर कार्डाने देता येतं. मंच संस्थांची कागदपत्रं तपासतो, ही जमेची बाजू. पण कार्डावर परदेशी व्यवहाराचं २ ते ३.५ टक्के शुल्क आणि त्यावर जीएसटी लागतो, शिवाय मंचाचं स्वतःचं शुल्क असतं. कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार आधी ॲपमधून चालू करावे लागतात, नाहीतर पैसे जातच नाहीत. पाचपैकी अडीच. गोफंडमी या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर भारतीय बँक खात्यासाठी मोहीम उघडता येत नाही, आणि वेस्टर्न युनियनची खिडकी भारतात फक्त येणारा पैसा देते, इथून बाहेर पाठवत नाही. त्या रांगेत उभं राहून उपयोग नाही.

नेपाळ वेगळा का? परकीय चलनाच्या नियमांनुसार नेपाळ आणि भूतानमधल्या रहिवाशांशी व्यवहारासाठी परकीय चलन काढता येत नाही. तिथे रुपयातच द्यायचं. डॉलरचा फॉर्म भरून बसलेल्या माणसाला बँक परत पाठवते ती याचमुळे. नेपाळी रुपया १९९३ पासून आपल्या रुपयाशी १.६ ला बांधलेला आहे, म्हणजे १०० भारतीय रुपयांचे १६० नेपाळी. विनिमय दराची ती न दिसणारी कात्री इथे जवळपास नसते. यासाठी २००८ पासून रिझर्व्ह बँकेची भारत-नेपाळ प्रेषण सुविधा आहे. ती एनईएफटीवर चालते आणि पलीकडे नेपाळ एसबीआय बँकेतून पैसा पोचतो. २०२१ मध्ये एका व्यवहाराची मर्यादा ५०,००० वरून दोन लाख केली आणि खातेदारांसाठी वर्षाला बारा व्यवहारांची अट काढली. खातं नसलेल्याने रोख भरायचे असतील तर जुनीच ५०,००० आणि बारा खेपांची मर्यादा आहे. नाशिकमध्ये काम करणारे नेपाळी बांधव घरी पैसे पाठवायला हीच वापरतात, त्यांना विचारलं तर कोणत्या शाखेत काम झटपट होतं हे ते बरोबर सांगतात.

एक इशारा. ही सुविधा व्यापारी देणी आणि व्यक्तीकडून व्यक्तीला जाणारा पैसा डोळ्यांसमोर ठेवून वाढवलेली आहे. संस्थेच्या खात्यावर देणगी पाठवायची तर शाखेकडून आधी लेखी होकार घ्या. नकार मिळाला म्हणून बालगृहाच्या अध्यक्षाच्या वैयक्तिक खात्यावर पाठवू नका. त्याऐवजी नेपाळी बँकेच्या भारतातल्या रुपया खात्यामार्फत संस्थेच्या खात्यावर रुपयात पाठवण्याची सोय आहे का, ते त्याच टेबलावर विचारा. दशैं आणि तिहारच्या दिवसांत, आपल्या नवरात्र-दिवाळीच्या सुमारास, तिकडे बँका बरेच दिवस बंद असतात. त्या तिमाहीचे पैसे भाद्रपदातच पोचवा. या सुविधेला पाचपैकी साडेचार.

कंपन्या, ट्रस्ट आणि क्लब यांच्याकडे जाण्याआधी थोडं थांबा. कारखान्याचा सीएसआर, म्हणजे सामाजिक कामासाठीचा, निधी परदेशातल्या कामाला चालत नाही. नियमच भारताबाहेरचं काम वगळतात, तेव्हा त्या साहेबांना अडचणीत टाकू नका. नोंदणीकृत ट्रस्टने परदेशात खर्च केला तर केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या मंजुरीशिवाय त्या खर्चाला करसूट नाही. एफसीआरए, म्हणजे परकीय देणग्यांच्या कायद्यामध्ये येईल म्हणून अनेकजण घाबरतात, पण तो कायदा भारतात येणाऱ्या परदेशी पैशाचा आहे, जाणाऱ्याचा नाही. रोटरीचा रस्ता खरा आहे, पण मोठ्या कामाचा. तिच्या जागतिक अनुदानाला किमान ३०,००० डॉलरचा प्रकल्प लागतो, इथला आणि तिथला असे दोन क्लब लागतात, आणि जेवण, भाडं, पगार असा चालू खर्च त्यात बसत नाही. पाण्याची व्यवस्था किंवा स्वच्छतागृहं उभी करायची असतील तर जरूर जा.

पैसे पाठवण्याची सेवा कितीही चांगली असली, तरी पलीकडचं घर खरं नसेल तर सगळं फुकट. मुलांसाठी काम करणाऱ्या सेव्ह द चिल्ड्रन या संस्थेने २००९ मध्ये मांडलं होतं की जगभर अनाथालयांत राहणाऱ्या दर पाच मुलांपैकी किमान चौघांचे आई किंवा वडील हयात असतात. नेपाळमध्ये डोंगराळ जिल्ह्यांतून शिक्षणाचं आमिष दाखवून मुलं काठमांडू खोऱ्यात आणायची, त्यांना कागदोपत्री अनाथ करायचं आणि देणगीदारांपुढे उभं करायचं, हा धंदा उघडकीस आलेला आहे. ऑस्ट्रेलियात २०१८ च्या आधुनिक गुलामगिरी कायद्याच्या वेळी अनाथालयांसाठी होणाऱ्या अशा मुलांच्या व्यापाराची दखल घेतली गेली. म्हणून पहिला प्रश्न हा विचारा : किती मुलांचे पालक हयात आहेत, आणि गेल्या वर्षी किती मुलं घरी परत गेली? उत्तर देणारं बालगृह विश्वासाचं. देणगी वाढली की मुलांची संख्या वाढणारं, पाहुण्यांपुढे पोरांना नाचवणारं, परदेशी स्वयंसेवकांकडून राहण्याचे पैसे घेणारं घर टाळा.

कागदं अशी मागा. नेपाळसाठी जिल्ला प्रशासन कार्यालयाचं नोंदणीपत्र आणि चालू नूतनीकरण, समाज कल्याण परिषदेशी संलग्नता, आणि लेखापरीक्षण अहवाल. त्यांचं आर्थिक वर्ष श्रावणात, म्हणजे जुलैच्या मध्याला सुरू होतं, तेव्हा मार्चचा ताळेबंद मागू नका. श्रीलंकेसाठी प्रांतिक परिवीक्षा व बालसंगोपन विभागाची नोंदणी. केनियात २०२२ मध्ये आखलेल्या दहा वर्षांच्या राष्ट्रीय धोरणाने बालगृहांना कुटुंबाधारित संगोपनाकडे वळायला सांगितलं आहे, म्हणून तिथे नव्या खोल्यांसाठी पैसे देणं म्हणजे बंद होणाऱ्या इमारतीत पैसा घालणं. तिथे मुलाला मावशीकडे, आजीकडे परत बसवण्याच्या खर्चाला द्या. नेपाळमध्येही आम्ही हेच सुचवू. इमारतीपेक्षा शाळेची फी, दवाखाना, किराणा आणि घरी परतलेल्या मुलाचं वर्षभराचं शिक्षण या चार गोष्टींना आधी द्यावं. जुने स्वेटर, गोधड्या पार्सलने पाठवू नका. भाडं आणि जकात मिळून तिथे नवे स्वेटर येतात.

पैसे गेल्यावर बँकेकडून स्विफ्ट संदेशाची प्रत मागून घ्या, जुने कर्मचारी तिला एमटी १०३ म्हणतात. तिच्यातल्या यूईटीआर क्रमांकावरून पैसा कुठल्या बँकेत थांबलाय हे कळतं. ती प्रत बालगृहाला त्याच दिवशी पाठवा, म्हणजे ते त्यांच्या बँकेत चौकशी करू शकतात. संदेशाच्या रकान्यात संक्षेप न वापरता हेतू सरळ लिहा : कोणत्या तिमाहीचं अन्न किंवा फी. पाच कामकाजाच्या दिवसांत रक्कम जमा झाली नाही तर शाखेत लेखी तक्रार द्या, फोनवर भागवू नका. बालगृहाकडून पावती संस्थेच्या लेटरहेडवर, मिळालेल्या स्थानिक चलनातल्या रकमेसह घ्या. पाठवलेले रुपये आणि मिळालेली रक्कम शेजारी शेजारी लिहून ठेवली की पुढच्या पाळीच्या घराला कोणती बँक निवडायची हे त्या वहीतूनच कळतं.